पाटी कंपनीची

खान्देशात शिकवणीची फी आणि कापसाचा पैसा यांचं नातं जुनं आहे. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा शेतकऱ्याचा हात रिकामा असतो. जे काही होतं ते बियाण्यात, खतात, मजुरीत गेलेलं असतं. दसरा उलटतो, पहिली वेचणी होते, कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर चढतो आणि मग कुठे घरात नोटा दिसतात. चोपडा, पारोळा, शिरपूर, शिंदखेडा इथल्या शिकवणीच्या सरांना हे वेळापत्रक कुणी समजावून सांगावं लागत नाही. ‘कापूस विकला की देतो, सर’ एवढ्या शब्दावर पोरगा जूनमध्ये बाकावर बसतो. फी दिवाळीनंतर येते, कधी संक्रांतीला येते, कधी बुडते. सर बुडालेली फी वहीत तशीच ठेवतात, कारण पुढच्या वर्षी त्याच घरातला धाकटा यायचा असतो.

फ्रँचायझीच्या केंद्रात ही वही नसते. तिथे सॉफ्टवेअर असतं, त्यात हप्त्याची तारीख असते आणि तारीख उलटली की बापाच्या मोबाइलवर मेसेज पडतो. केंद्र चालवणारी व्यक्ती त्याच गावातली, बहुतेकदा ओळखीतलीच असते. तिला सवलत द्यावीशी वाटली तरी प्रत्येक मुलामागचा वाटा वरच्या कंपनीला वेळेवर पाठवायचा असतो. शिकवणीच्या धंद्यात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत काय बदललं, याचं उत्तर मला या दोन हिशेबांच्या फरकात दिसतं. मुलं वाढली, फी वाढली, एसी आले, हे सगळं खरंच आहे. पण मोठा बदल हा की पाटीवरचं नाव आणि समोर शिकवणारा माणूस यांची फारकत झाली.

पूर्वी ती एकच गोष्ट होती. धुळ्याला ब्रिग्ज साहेबानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखून दिलेल्या नंबरांच्या गल्ल्यांत, किंवा जळगावात नवीपेठेच्या आसपास, शिकवणी म्हणजे कुणातरी सरांचं राहतं घर असायचं. अमुक सरांचं गणित, तमुक सरांचं इंग्रजी. सर आजारी पडले की शिकवणी बंद, सर वारले की शिकवणी संपली. मुलगा किंवा सून पुढे चालवू लागली तरी पालक वर्षभर वाट पाहूनच मुलांना पाठवायचे. हा धंदा वारसाहक्कानं मिळत नव्हता आणि दुसऱ्या गावात नेता येत नव्हता.

एक गोष्ट मात्र फ्रँचायझीच्या आधीच गावोगाव पोचली होती, ती म्हणजे गाइड. 1959 मध्ये गाला कुटुंबानं सुरू केलेल्या ‘नवनीत’ची पुस्तकं आणि दहावीच्या तोंडावर हातोहात खपणारे ‘अपेक्षित’ प्रश्नसंच हे छापील रूपातली शिकवणीच होते. मुंबईच्या मुलाच्या आणि साक्रीच्या मुलाच्या हातात तेच उत्तर. फ्रँचायझीला जे करायचं असतं ते गाइडनं कागदावर आधीच करून दाखवलं होतं. फक्त गाइड मुलाला बसवून घेत नव्हतं.

मुलाला बसवून घेण्याची युक्ती ज्यानं शोधली तो माणूस जपानी होता. तोरू कुमॉन हे माध्यमिक शाळेत गणिताचे शिक्षक. 1954 साल. त्यांचा मुलगा, दुसरीत शिकणारा ताकेशी, याच्या खिशात त्याच्या आईला गणिताच्या चाचणीचा चुरगळलेला कागद सापडला. गुण वाईट होते. आईनं नवऱ्याला कामाला लावलं. बापाला संध्याकाळी पोराला घेऊन बसायला वेळ नव्हता, म्हणून तो सुट्या कागदांवर रोज गणितं लिहून ठेवू लागला. मुलानं अर्धा तास स्वतःच सोडवायची, बापानं घरी आल्यावर तपासायची. गणितं अशी रचलेली की आजचं गणित कालच्यापेक्षा केसभरच अवघड. कुणी समजावून सांगायची गरज पडू नये, हाच त्यातला कस. सहावीत पोचेपर्यंत ताकेशी कलनशास्त्राची गणितं सोडवत होता.

1958 मध्ये ओसाकात कुमॉन यांनी कचेरी थाटली आणि हेच कागद विकायला सुरुवात केली. विकले कुणाकडून? शिकलेल्या गृहिणींकडून, त्यांच्याच घरात. जपानमध्ये कुमॉन वाढलं ते या बायकांच्या जोरावर. 1974 मध्ये कुमॉन यांनी आपल्या पद्धतीवर लिहिलेलं पुस्तक धडाक्यात खपलं, त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पहिला वर्ग निघाला आणि आज साठाहून अधिक देश-प्रदेशांत ही केंद्रं आहेत. भारतातही आहेत, पण मुख्यतः महानगरांत.

केंद्रात काय चालतं ते पाहण्यासारखं आहे. मूल येतं, फोल्डरमधले आपले कागद काढतं, सुरू केल्याची वेळ लिहितं, मुकाट्यानं सोडवतं, संपल्याची वेळ लिहितं आणि तपासायला देतं. चुकलेलं पुन्हा सोडवायचं, सगळं बरोबर येईपर्यंत. आठवड्यातून दोनदा केंद्रात, बाकीचे दिवस घरी. पाचवीच्या मुलालाही सुरुवातीला तिसरीचे कागद मिळतात, कारण आधी हात बसला पाहिजे. बाई फळ्यासमोर उभ्या राहून शिकवत नाहीत. शिकवणं सगळं त्या कागदात आहे, आणि कागद कंपनीचा आहे. कंपनी मुलामागे, विषयामागे दरमहा ठरलेली रक्कम घेते. म्हणून बाई बदलली तरी केंद्र चालतं, गाव बदललं तरी चालतं. अमेरिकेत 1979 मध्ये बेरी फाउलर या माजी शिक्षकानं पोर्टलंडमध्ये सिल्व्हन लर्निंग सुरू केलं, तेही फ्रँचायझीवरच देशभर पसरलं. पण सगळ्यात स्वच्छ उदाहरण कुमॉनचंच.

आपल्याकडे फ्रँचायझी शाळेच्या विषयांतून आली नाही, ती संगणकाच्या वाटेनं आली. 1981 मध्ये निघालेली एनआयआयटी आणि 1986 मधली ॲप्टेक या कंपन्यांनी जिल्ह्याच्या गावातल्या व्यापाऱ्याला पहिल्यांदा दाखवून दिलं की शिक्षण हे एजन्सीसारखं घेता येतं. नव्वदच्या दशकात त्यांच्या काचेच्या दारांचं अप्रूप होतं. ते दार तालुक्यापर्यंत नेलं एमकेसीएलनं. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन 2001 मध्ये राज्य सरकारच्या पुढाकारानं स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी एमएस-सीआयटी सुरू झाली. अभ्यासक्रम आणि सॉफ्टवेअर महामंडळाचं, परीक्षा आणि प्रमाणपत्र तंत्रशिक्षण मंडळाचं, जागा, संगणक आणि भांडवल स्थानिक केंद्रचालकाचं. सरकारी नोकरीला हे प्रमाणपत्र चालू लागल्यावर दहावीच्या सुट्टीत पोरांची रांग लागली. पूर्वी जिथं टायपिंग इन्स्टिट्यूटची खडखड ऐकू यायची, तिथं त्याच माणसानं टाइपरायटर काढून संगणक मांडले, असं तालुक्याच्या बहुतेक गावांत दिसेल. खान्देशातल्या छोट्या गावांना केंद्र, करार, वाटा, लॉगिन हे शब्द अंगवळणी पडले ते इथून. पुढे शाळकरी मुलांच्या कंपन्या आल्या तेव्हा केंद्र घेणारा माणूस तयारच होता.

भुसावळचं थोडं वेगळं. रेल्वे, वरणगाव-भुसावळचे आयुध कारखाने, दीपनगरचं वीज केंद्र यांच्यामुळे तिथं बदलीवर येणारी कुटुंबं पूर्वीपासून आहेत. ज्याला तीन वर्षांनी इटारसीला किंवा नागपूरला जायचं आहे त्याला गावातल्या सरांची कीर्ती माहीत नसते आणि माहीत करून घ्यायला वेळही नसतो. त्याला सगळीकडे सारखी असणारी पाटी बरी वाटते. केंद्रीय विद्यालयामागची तीच गरज शिकवणीतही उतरली.

शाळकरी मुलांत घरोघर पोचला तो ॲबॅकस. मलेशियात डिनो वाँग यांनी 1993 मध्ये युसीमास सुरू केलं, ते 1999 मध्ये भारतात आलं. 2003 मध्ये चेन्नईची एसआयपी अकॅडमी आली. मग महाराष्ट्रातल्याच कितीतरी छोट्या कंपन्या. ॲबॅकस फ्रँचायझीसाठी जणू घडवलेलाच आहे. मणी सगळीकडे तेच, पुस्तकाच्या पायऱ्या तयार, शिकवणाऱ्या ताईचं प्रशिक्षण थोड्या दिवसांत उरकतं. जळगावात महाबळ, गणेश कॉलनी, पिंप्राळा, धुळ्यात देवपूर, साक्री रोड, कुठल्याही वसाहतीत बंगल्याच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी पाच-सहा सतरंज्या किंवा बुटकी बाकं दिसतील. बाहेर चपलांचा ढीग, भिंतीवर स्पर्धेतल्या ट्रॉफ्या, सारख्या रंगाच्या टी-शर्टातली पोरं. ताई आकडे म्हणतात आणि मुलांची बोटं हवेतच चालतात, समोर मणी नसताना. युसीमासच्या स्पर्धेत 8 मिनिटांत 200 गणितं असतात. पाहणाऱ्या पालकाची छाती फुगते. माझं मत विचाराल तर बेरीज-वजाबाकीचा हा वेग सातवीतल्या बीजगणितात फारसा कामाला येत नाही. पण मूल अर्धा तास मोबाइलशिवाय एकाग्र बसतं, एवढ्यासाठी फी देणारे पालक मूर्ख नाहीत.

या खोलीचा हिशेब कुणी जाहिरातीत मांडत नाही, म्हणून इथं मांडतो. आकडे उदाहरणाचे आहेत, पण घेणाऱ्यानं आपले घालून पाहावेत. समजा 60 मुलं, दरमहा 1,000 रुपये फी, म्हणजे 60,000 जमा. कंपनीचा वाटा 25 टक्के, 15,000. त्यावर 18 टक्के जीएसटी, 2,700. केंद्राची वार्षिक उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असल्यानं हा कर परत मिळत नाही, तो खिशातून जातो. जागेचं भाडं 12,000. दोन मदतनीस मुलींचे मिळून 14,000. लाइट बिल, इंटरनेट, पत्रकं, किरकोळ 5,000. हातात उरले 11,300. आता करार करताना 2 लाख भरले, फर्निचर-रंगरंगोटीत दीड लाख गेले. हे साडेतीन लाख फिटायलाच 31 महिने लागतात. करार तीन वर्षांचा, म्हणजे 36 महिन्यांचा. त्यात दर वर्षीची उन्हाळी सुट्टी, जेव्हा खान्देशात पारा 44-45 वर जातो आणि पोरं मामाच्या गावाला. म्हणजे मेहनतीचा पैसा दिसायला लागतो तोवर नूतनीकरणाची फी भरायची वेळ येते. मुलं 60 ची 75 झाली तर मात्र उरणारी रक्कम जवळजवळ दुप्पट होते. म्हणून केंद्रचालक शेवटच्या पंधरा मुलांसाठी जिवाचं रान करतो. शाळेच्या गेटवर पत्रकं, गणपतीच्या मंडपात मोफत चाचणी, ‘मित्र आणा, सवलत मिळवा’ हे सगळं त्या पंधरांसाठी.

यातून दिसतं ते असं की कंपनीला वाटा जमेवर मिळतो, नफ्यावर नाही. केंद्र तोट्यात गेलं तरी हा वाटा चढतच राहतो. भाडं, उधारी, पालकांचा राग हे गावात राहणाऱ्याकडे. शिकलेली, लग्नानंतर नोकरी सुटलेली बाई माहेरच्या-सासरच्या पैशातून केंद्र काढते, तेव्हा तिला धंदा मिळतो, ओळख मिळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ओसाकाच्या बायकांनाही तेच मिळालं होतं. पण अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही घेण्याआधी किमान 14 दिवस सगळी माहिती लेखी द्यावी लागते, त्यात कोर्टकज्जे आणि बंद पडलेली केंद्रंही येतात. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदाच नाही. 1872 चा करार कायदा आणि तुमचं नशीब.

ॲबॅकस आणि कुमॉनचे कागद यांचं जमलं, कारण विकायची वस्तू सगळीकडे एकसारखी करता येते. आठवी-नववी-दहावीचं विज्ञान, भूमिती, मग पुढे जेईई-नीट, इथं गाडी अडते. प्रमेय समजावणारा माणूस छापता येत नाही. आणि माणसाचं असं की त्याचं नाव झालं की तो फुटतो. समोरच्याच इमारतीत स्वतःची पाटी लावतो, अर्धी बॅच त्याच्यामागे जाते. क्लासवाल्यांच्या दुनियेतलं हे नेहमीचं महाभारत. नव्वदच्या दशकात चाटे क्लासेसनी शाखांमागून शाखा काढल्या, वर्तमानपत्रांत पानभर टॉपरांचे फोटो छापले, तेव्हा शिक्षकापेक्षा ब्रँड मोठा करण्याचा मराठी मुलखातला तो पहिला मोठा प्रयोग होता.

त्याहून शिकण्यासारखी गोष्ट महेश ट्युटोरियल्सची. महेश शेट्टी यांनी 1988 मध्ये मुलुंडमध्ये दहावीचे क्लास सुरू केले. मुंबईत नाव झालं, शाखा वाढल्या, कंपनी एमटी एज्युकेअर झाली आणि एप्रिल 2012 मध्ये शेअर बाजारात आली. शेअर 80 रुपयांना विकला होता. शिकवणीच्या क्लासचा शेअर सामान्य माणसाला विकत घेता येतो, ही मराठी पालकाला नवलाची गोष्ट होती. मग टॅबलेट आले, ‘रोबोमेट’ हे ॲप आलं, परराज्यात विस्तार झाला. बाजाराला दर तिमाहीला वाढ दाखवावी लागते आणि शाळकरी मुलं तर वर्षातून एकदाच वरच्या वर्गात जातात. 2018 मध्ये झी लर्ननं कंपनीचा मोठा हिस्सा घेतला आणि डिसेंबर 2022 मध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणापुढे गेलं.

बायजूजची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. 2011 मध्ये कंपनी, 2015 मध्ये ॲप, 2019 मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर नाव, 2021 मध्ये जवळजवळ एक अब्ज डॉलर मोजून ‘आकाश’ ही कोचिंग कंपनी ताब्यात. 2022 मध्ये 200 शहरांत 500 ट्यूशन सेंटर काढण्याची घोषणा झाली, म्हणजे मोबाइलवरून पुन्हा बाकावर. जुलै 2024 मध्ये क्रिकेट मंडळाच्या 158 कोटींच्या थकबाकीवरून कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पाठोपाठ जानेवारी 2025 मध्ये 1992 पासूनच्या फिटजी या कोचिंग संस्थेची उत्तर भारतातली केंद्रं एकामागून एक बंद पडली. पगार थकले म्हणून शिक्षक निघून गेले आणि शिक्षक गेल्यावर वर्गात शिल्लक काय राहणार? वर्षाची, दोन वर्षांची फी आगाऊ भरलेले पालक पोलीस ठाण्यात रांगेत.

या सगळ्याला गिऱ्हाईक कुठून येतं, असा प्रश्न शाळेच्या गुरुजींना विचारून उपयोग नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 28 व्या कलमानं शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई केली. तरी क्लास बायकोच्या किंवा भावाच्या नावावर चालतो, हे कुठल्याही गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतात पहिली ते आठवीची पैसे देऊन शिकवणी लावणारी मुलं 2018 मध्ये 26.4 टक्के होती, 2022 मध्ये 30.5. बिहार-बंगालात हेच प्रमाण सत्तरच्या वर आहे. 2025 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशभरातली 27 टक्के मुलं कोचिंग घेत होती, आणि खेड्यातली 25.5 टक्के, शहरातली 30.7. शहर-खेड्यातलं अंतर एवढंसंच. म्हणजे शिकवणी आता शहरी चोचला राहिलेली नाही. खान्देशात तर सेमी-इंग्रजीनं यात भर घातली. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत मराठी, पुस्तकात गणित-विज्ञान इंग्रजीतून. आईबापाला पोराचा गृहपाठ वाचताच येत नाही. मग कुणीतरी वाचून दाखवणारं हवं, त्याचे पैसे पडतात. फ्रँचायझीचं साहित्यही इंग्रजीतच असतं, पण ते समजावणारी ताई गावातली असेल तर ती अवघड शब्द बोलीत उतरवून सांगते. करारात या कामाचा उल्लेख नसतो, आणि मूल टिकतं ते बहुतेकदा त्यामुळेच.

सरकारनं हात-पाय हलवले ते उशिरा. चीननं 2021 मध्ये शालेय विषयांच्या शिकवणीतून नफा कमावण्यालाच बंदी घातली. आपल्या केंद्र सरकारनं जानेवारी 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. कोचिंग केंद्राची नोंदणी हवी, 16 वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नको, शिक्षक किमान पदवीधर, प्रत्येक मुलामागे किमान एक चौरस मीटर जागा, मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत, हमखास यशाची जाहिरात नको, उल्लंघनाला पहिल्यांदा 25,000 आणि दुसऱ्यांदा 1 लाख दंड. वाचायला उत्तम. पण अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली आहे, आणि 16 वर्षांची अट अक्षरशः पाळायची तर आठवी-नववीचे फाउंडेशन वर्ग उद्याच बंद करावे लागतील. कुठं झालेत ते सांगा.

मला फ्रँचायझीचा राग नाही. गावातल्या सरांचं गुणगान करणाऱ्यांनी हेही आठवावं की त्याच सरांच्या खोलीत सत्तर पोरं कोंबलेली असायची, मुलींना मागे बसवलं जायचं आणि चुकलं की छडी होती. कंपनीनं निदान बाक, वेळ आणि पावती दिली. पण पावती आली म्हणून जबाबदारी आली असं समजू नये. पुढच्या जूनमध्ये पोराला कुठंही घालण्याआधी पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पावतीवर नाव कुणाचं आहे, कंपनीचं की केंद्रचालकाचं? तेच नाव उद्या फी परत मागताना समोर असेल. शिकवणारा किंवा शिकवणारी किती दिवसांपासून तिथं आहे? आणि फी परतीचा नियम छापील आहे का, की तोंडीच? पूर्ण वर्षाचे पैसे एकरकमी भरायला लावून सवलत देत असतील तर ती सवलत नाकारा आणि दोन-तीन महिन्यांचेच भरा. आणि केंद्र घ्यायला निघालेल्या ताईंनी करारावर सही करण्याआधी त्याच कंपनीची बंद पडलेली दोन केंद्रं शोधून त्यांच्या चालकांना फोन लावावा. चालू केंद्रांचे नंबर कंपनी स्वतःहून देते, बंद पडलेल्यांचे तुम्हालाच शोधावे लागतात.